घरपट्टी वाढली, आता तो पैसा कुठे जाणार?

गेल्या अंकात महापालिकांच्या बजेटवर लिहिलं होतं, त्यानंतर आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत: टॅक्स वाढवला, ठीक आहे, पण त्या वाढीव पैशाचं काय करायचं हे ठरतं कसं? त्यातले काही निवडून उत्तरं देतोय. मुंबईचा कायदा १८८८ चा आणि वेगळा आहे, राज्यातल्या बाकी महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात, त्यामुळे उत्तरं मुख्यतः या दुसऱ्या कायद्याला धरून आहेत.

प्रश्न: आमच्याकडे यंदा घरपट्टी वाढली. नगरसेवकांना विचारलं तर म्हणतात आयुक्तांनी वाढवली, ऑफिसात विचारलं तर म्हणतात सभागृहाने. मग नक्की कोणी वाढवली आणि ते पैसे कुठे घालायचे हे कोण ठरवतं?

प्रस्ताव आयुक्तांचा असतो आणि ठराव सभागृहाचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेचा असतो. पुढच्या वर्षीचे कराचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असं कायद्यातच आहे, त्यासाठी बहुतेक ठिकाणी खास सभा बोलावतात. म्हणजे दर वाढला असेल तर त्यावर कोण काय बोललं, विरोध कोणी नोंदवला, हे त्या सभेच्या इतिवृत्तात असतं, ते मागवून वाचा म्हणजे कोण कोणावर ढकलतंय ते लगेच कळेल.

खर्चाचा रस्ता असा आहे की आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती (नगरसेवकांची, १६ जणांची असते) त्यात फेरफार करते, मग ते सर्वसाधारण सभेत येतं, तिथे उपसूचना पडतात, आणि ३१ मार्चच्या आत ते मंजूर व्हावं लागतं. कागदावर एवढंच. पण तुम्ही विचारताय ते या सगळ्याच्या बऱ्याच आधी ठरलेलं असतं, आणि हे मला लोकांपर्यंत पोचवायचंच आहे, कारण बजेटच्या दिवशी टीव्हीवर दिसतो तो कार्यक्रम बघून आपल्याला वाटतं की आज निर्णय झाला.

वाढीव घरपट्टीतून समजा १०० रुपये जादा आले. त्यातून आधी पगार, पेन्शन आणि महागाई भत्त्याची वाढ जाते. आस्थापना खर्च, म्हणजे हाच पगार-पेन्शनचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवा असं राज्य सरकार सांगतं आणि तो वर गेला की नोकरभरती अडते, त्यामुळे उत्पन्न वाढवायची घाई कित्येकदा या टक्केवारीपायी पण असते. मग कर्जाचे हप्ते. मग पाण्याच्या पंपांचं वीजबिल, कचरा वाहतुकीचे आधीच दिलेले ठेके. मग केंद्राच्या योजनांमधला पालिकेचा हिस्सा, म्हणजे अमृत २.० मध्ये दहा लाखांवरच्या शहराला पाण्या-सांडपाण्याच्या प्रकल्पात केंद्राकडून २५ टक्के मिळतात, उरलेलं राज्याने आणि पालिकेने उभं करायचं, प्रकल्प मंजूर झाल्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि हा हिस्सा पुढची तीन-चार वर्षं बजेटमध्ये गुपचूप बसलेला असतो. आणि मग दायित्व. दायित्व म्हणजे मागच्या वर्षी काम झालं, ठेकेदाराचं बिल राहिलं, ते यंदाच्या पैशातून द्यायचं. याच्या जोडीला जी कामं एका वर्षात संपत नाहीत त्यांना पुढच्या वर्षांच्या बजेटमधून पैसे द्यायची मान्यता आधीच घेऊन ठेवलेली असते, पालिकेत याला कलमाच्या नावाने '७२ ब' म्हणतात. ७२ ब खाली किती कोटींची कामं धरलीयेत हा प्रश्न विचारलात की समोरचा माणूस तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल, कारण पुढच्या वर्षीचा टॅक्स येण्याआधीच त्यातला किती खर्चून झालाय ते तिथे कळतं.

हे सगळं गेल्यावर जे उरतं त्यावर मार्चमध्ये भांडण होतं. ते उरलेलं कमी पडतं म्हणून बऱ्याच पालिकांत स्थायी समिती उत्पन्नाचा आकडाच फुगवते, आयुक्तांनी वसुली अमुक धरली असेल तर समिती म्हणते छे, अजून येईल, आणि त्या न आलेल्या पैशावर नवी कामं लावली जातात. वर्षअखेर पैसे येत नाहीत, कामं मात्र अर्धी झालेली असतात, त्याचं पुन्हा दायित्व होतं. मला विचाराल तर नागरिकांच्या टॅक्सचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं आणि यात कोणी पैसे खाल्लेच असतील असं नाही, नुसता आकडा फुगवणं पुरेसं आहे.

प्रश्न: टॅक्स वाढवताना आम्हाला सांगितलं होतं की हा पैसा रस्त्यांसाठी आहे. वर्ष झालं, रस्ते आहेत तसेच. आता कायद्याने काही धरता येतं का?

सांगितलं कुठे हे महत्त्वाचं. भाषणात, पत्रकार परिषदेत, पत्रकावर सांगितलं असेल तर धरता येत नाही. कारण घरपट्टीतला मोठा भाग म्हणजे सामान्य कर, आणि तो जातो महापालिका निधीत, सगळ्यांच्या एका खात्यात. एकदा तिथे गेला की तुमची वाढ कोणती आणि जुना टॅक्स कोणता हे वेगळं काढताच येत नाही, रस्त्याला दिले म्हणणारा पण खोटं बोलत नसतो आणि दिले नाहीत म्हणणारा पण.

बिल काढून बघा मात्र, त्यात सामान्य कर ही एकच ओळ नसते. शहराप्रमाणे पाणीपुरवठा लाभ कर, सांडपाणी किंवा मलप्रवाह कर, अग्निशमन कर, रस्ता कर, वृक्ष कर अशा ओळी असतात. यातल्या काहींना खरोखर दावं बांधलेलं आहे. वृक्ष कर घ्या, तो १९७५ च्या झाडांच्या कायद्यातून आलाय, त्यासाठी वृक्ष प्राधिकरण असतं, त्याचं वेगळं बजेट असतं आणि तो पैसा झाडांवरच लावायचा असतो. मुंबईत पाणी आणि मलनिःसारणाचा अर्थसंकल्पच वेगळा आहे, 'ग' म्हणतात त्याला. म्हणजे पैसा बांधून ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही असं नाहीये, ती दर ठरवतानाच वापरावी लागते.

म्हणून पुढच्या वेळी वाढीचा प्रस्ताव येईल तेव्हा एकच मागणी लावून धरा की ठरावातच लिहा: या वाढीतून येणारं उत्पन्न अमुक लेखाशीर्षात (बजेटमधल्या ठरावीक खात्यात) जमा होईल, ते दुसरीकडे वर्ग होणार नाही, आणि दर तीन महिन्यांनी जमा-खर्च सभेपुढे येईल. अशा ठरावाला पुढची सभा बदलू शकते हे खरं, पण बदलायचं तर पुन्हा ठराव आणावा लागतो, उघड मतदान होतं, आणि तेवढ्यावर बरीच माणसं विचार बदलतात. दर वाढून गेल्यावर ही मागणी कोणी ऐकत नाही, आधी मात्र ऐकतात, कारण तेव्हा त्यांना तुमचा विरोध नको असतो.

आता 'वर्ग होणार नाही' हे का लिहून घ्यायचं ते सांगतो. बजेटचं पुस्तक उघडा, पालिकेच्या वेबसाइटवर असतं. प्रत्येक कामासमोर ओळीने आकडे असतात: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षीची तरतूद. कुठलंही एक पान घ्या आणि फक्त चालू वर्षाची मूळ तरतूद आणि सुधारित अंदाज हे दोन कॉलम शेजारी ठेवून वाचा. फुटपाथ दुरुस्तीसमोर मूळ तरतूद घसघशीत आणि सुधारित अंदाज त्याच्या पाव पण नाही, असं दिसलं की समजायचं तो पैसा बहुधा वर्षाच्या मधे दुसरीकडे गेला, याला वर्गीकरण म्हणतात. तेच एखाद्या नव्या कामासमोर अगदी नाममात्र रक्कम दिसेल, टोकन तरतूद, ती बघून आपण म्हणतो एवढ्यात काय होणार, पण ती ओळ उघडून ठेवलेली असते म्हणजे नंतर वर्गीकरण करून तिथे पैसे आणता येतात. मार्चमध्ये जे बजेट पास होतं आणि पुढच्या मार्चपर्यंत जे खर्च होतं त्यांच्यामधलं अंतर या वर्गीकरणाच्या प्रस्तावांत आहे, ते प्रस्ताव स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर येत राहतात, पन्नास विषयांत तीन-चार असतात आणि कोणी वाचत नाही. ते वाचायला लागा. वॉर्डातल्या दोन जणांनी जरी वाटून घेतलं तरी पुरे.

प्रश्न: घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर पण असतो. मग महापालिकेच्या शाळांची अवस्था अशी का?

शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे आहेत, १९६२ च्या कायद्याने लागतात. पालिका फक्त गोळा करते आणि सरकारकडे भरते. शाळांचा खर्च पालिका तिच्या निधीतून आणि सरकारी अनुदानातून करते, म्हणून शाळांबद्दल विचारायचं तर शिक्षण विभागाच्या तरतुदीबद्दल विचारा, या कराबद्दल विचारलंत तर उत्तर मिळेल की तो आमचा नाहीच, आणि ते उत्तर बरोबर असेल.

प्रश्न: जीएसटीचा एवढा पैसा जमा होतो असं आपण वाचतो. मग महापालिकांना पुन्हा घरपट्टी का वाढवावी लागते?

कारण जीएसटी पालिकेच्या हातात नाही. पूर्वी जकात होती, ती पालिकेची स्वतःची होती, रोज रोख येत होती. मग बहुतेक ठिकाणी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, मुंबईत जकात जुलै २०१७ पर्यंत चालली आणि जीएसटीबरोबर गेली. त्याच्या बदल्यात राज्य सरकार पालिकांना भरपाई देतं, २०१७ च्या कायद्याप्रमाणे ती दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढते. ८ टक्के ऐकायला बरे वाटतात, पण हा पैसा सरकारकडून येतो, आणि शहर कितीही झपाट्याने वाढलं तरी भरपाई ठरल्या दरानेच वाढणार. स्वतःच्या हातात उरली घरपट्टी, पाणीपट्टी, आणि बांधकाम परवानगीचं विकास शुल्क, त्यातलं शेवटचं बिल्डर लोकांचा धंदा चांगला असला तर येतं, नाहीतर आटतं. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने २०२२-२३ पासून अट घातली की अनुदान हवं तर घरपट्टीची वसुली निदान राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या (जीएसडीपीच्या) वाढीच्या दराने वाढली पाहिजे.

त्यामुळे घरपट्टी वाढली की ती चूकच असं मी म्हणणार नाही. कित्येक शहरांत वर्षानुवर्षं नवीन घरांची नोंदच झालेली नसते, वाढवलेले मजले बिलात नसतात, आणि नियमाने भरणाऱ्यांवर मात्र दर वाढतो, याचा मला खरा राग येतो. दर वाढवायच्या आधी सर्व्हे करा, नोंद नसलेल्या मिळकती आणा, हे आधी मागा.

प्रश्न: अभय योजनेत आमच्याकडे थकबाकीची चांगली वसुली झाली म्हणे. आता त्यातून कंत्राटी कामगारांना कायम करणार अशी चर्चा आहे. कामगारांचं भलं व्हावं असंच वाटतं, पण हे बरोबर आहे का?

कामगारांना कायम करायला माझा पूर्ण पाठिंबा आहे, सफाईचं काम तर कायम स्वरूपाचंच काम आहे. पण या पैशातून नको. अभय योजनेत दंड-व्याज माफ करून जुनी थकबाकी वसूल करतात, ती एकदाच येते, पुढच्या वर्षी तेच लोक तीच थकबाकी पुन्हा भरणार नाहीत. पगार मात्र दर महिन्याला द्यायचाय, आणि दर वर्षी वाढणार. एकदाच आलेल्या पैशावर कायमचा खर्च उभा केला की दोन वर्षांनी त्याच कामगारांचे पगार लटकतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून सांगतात की आस्थापना खर्च फार झाला.

एकदाच आलेला पैसा एकदाच होणाऱ्या खर्चाला लावावा. जुनं दायित्व फेडा, महागडं कर्ज असेल तर ते मुदतीआधी फेडता येतं का बघा, गळक्या पाइपलाइन बदला. पाइपलाइनचं मी मुद्दाम सांगतोय कारण त्याने पुढचं पाणी आणि वीजबिल दोन्ही वाचतं. आणि कायम करायचं असेल तर ते चालू टॅक्सच्या वाढीतून, दरवर्षी येणाऱ्या पैशातून करा, तेवढी वाढ दाखवा, लोक तयार होतात.

उलट चूक पण होते, तीही सांगतो. दरवर्षी येणाऱ्या वाढीतून नाट्यगृह बांधलं, जलतरण तलाव बांधला, उद्घाटन झालं, आणि तो चालवायला माणसं, वीज, दुरुस्ती यांची तरतूदच नाही. कायद्यात कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, दिवाबत्ती, झाडलोट, गटारं, पाणी, प्राथमिक शिक्षण वगैरे, आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक, म्हणजे ग्रंथालयं, संग्रहालयं अशी. ऐच्छिक म्हणजे नकोत असं कोणी म्हणू नये, शहराला ग्रंथालय हवंच. पण बांधकामाचा खर्च मंजूर करताना पुढची दहा वर्षं ते चालवायला किती लागेल हा आकडा त्याच प्रस्तावात असला पाहिजे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक प्रस्तावांत तो नसतो.

प्रश्न: मी कॉलेजला जाते. आमच्या गल्लीपासून बसस्टॉपपर्यंत दिवे नाहीत आणि फुटपाथ तुटलाय. वाढीव टॅक्समधून एवढं तरी व्हावं यासाठी माझ्यासारखीने कुठे आणि कधी जायचं?

कधी याचं उत्तर आधी देतो: पावसाळा संपता संपता. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून विभाग पुढच्या वर्षीच्या मागण्या गोळा करायला लागतात, त्याच वेळी तुमचं काम कनिष्ठ अभियंत्याच्या यादीत गेलं पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंदोलन केलंत तर फोटो छापून येईल, काम पुढच्या वर्षावर जाईल.

कुठे, तर वॉर्ड ऑफिसात, आता बऱ्याच ठिकाणी क्षेत्रीय कार्यालय किंवा प्रभाग कार्यालय म्हणतात. दिवे विद्युत विभागाकडे आणि फुटपाथ पथ विभागाकडे, म्हणून दोन वेगळे अर्ज द्या, एकात दोन्ही लिहिलंत की तो अर्ज दोन टेबलांच्या मधे फिरत बसतो. अर्जात जागा नेमकी लिहा, कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, मधे किती अंतर, किती खांब बंद, फोटो जोडा, आणि पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. मग अभियंत्याला भेटून विचारा की याचं इस्टिमेट कधी करणार, कारण इस्टिमेट झाल्याशिवाय त्या कामाला बजेटमध्ये आकडा मिळत नाही आणि आकड्याशिवाय ते काम यादीतच नसतं. हा एक टप्पा लोक विसरतात आणि अर्ज पडून राहतो.

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून थेट कामं सुचवून घ्यायची पद्धत आहे, सहभागी बजेट. मूळ कल्पना ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरातली, तिथे १९८९ मध्ये सुरू झाली, वस्तीवस्तीत सभा घेऊन लोक कामांचा क्रम ठरवायचे आणि तिथे पाणी आणि सांडपाण्याची कामं वर आली, कारण वस्त्यांना तेच हवं होतं. आपल्याकडे ते सूचना मागवण्यापाशी थांबतं, क्रम लोक ठरवत नाहीत, आणि दिलेल्या सूचनेचं पुढे काय झालं हे शोधायला तुम्हालाच मागे लागावं लागतं. तरीही तुमच्या शहरात असा फॉर्म निघत असेल तर नक्की भरा, तुमच्या गल्लीतले दिवे आणि फुटपाथ ही तशा फॉर्ममध्ये अगदी बसणारी कामं आहेत.

नगरसेवकांना पण भेटा. त्यांच्या हातात वॉर्डासाठी रक्कम असते आणि छोटी कामं त्यातून पटकन होतात. फक्त त्यांना 'दिवे लावा' असं न सांगता दिलेल्या अर्जाची पोच आणि अभियंत्याने काय सांगितलं ते दाखवा. शक्य झालं तर मैत्रिणींना बरोबर न्या, सातच्या बसने येणाऱ्या मुलींनी स्वतः तो रस्ता कसा आहे हे सांगितलं तर ऐकणाऱ्याला ते टाळणं अवघड जातं.

मार्चनंतर पुस्तक आलं की आपलं काम त्यात आहे का बघा. नसेल तर माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा, त्या अर्जावर काय शेरा मारला आणि इस्टिमेट झालं का. असेल तर निम्मं काम झालं, कारण आता वर्गीकरणात ते पैसे जाऊ नयेत म्हणून लक्ष ठेवावं लागेल आणि टेंडर कधी निघतंय ते विचारत राहावं लागेल, सप्टेंबरपर्यंत टेंडर नसेल तर पुन्हा जा.

प्रश्न: नगरसेवकच नसतील, प्रशासक असेल, तेव्हा हे सगळं कोणापुढे मांडायचं?

मुदत संपून निवडणूक झाली नाही की प्रशासक नेमतात, बहुतेक वेळा आयुक्तच, आणि स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोन्हींचे अधिकार त्यांच्याकडे जातात. म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. मुंबईत मार्च २०२२ पासून काही वर्षं असंच चाललं. निर्णय लवकर होतात हे खरंय, पण प्रश्न विचारणारं त्या खोलीत कोणी नसतं, आणि माझ्या मते टॅक्स आणि खर्च या दोन गोष्टींसाठी ते अजिबात चांगलं नाही.

तेव्हा अर्जांची पद्धत तीच राहते, वॉर्ड ऑफिस तेच. फक्त प्रशासकाचे ठराव वेबसाइटवर येतात का ते बघत राहा, येत नसतील तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली ते स्वतःहून प्रसिद्ध करणं पालिकेवर बंधनकारक आहे असं लेखी कळवा. एखादा ठराव कायद्याला किंवा जनहिताला सोडून असेल तर तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द करायचा अधिकार राज्य सरकारला कलम ४५१ खाली आहे, नगरविकास विभागाकडे तसं निवेदन देता येतं. नगरसेवक असतानाही देता येतं.